जुनी गाडी ओढत नाही? ‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी हे तपासा

रेणापूर : लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर जुनी डिझेल गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, समोरचा रस्ता मोकळा. तुम्ही गिअर कमी करता, ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी सरकतच नाही. आवाज वाढतो, आरशात काळा धूर दिसतो आणि अर्धवट ओव्हरटेक सोडून पुन्हा ट्रॉलीच्या मागे यावं लागतं.

आमच्या घरच्या 2011 च्या एमएच-24 गाडीचं हेच झालं होतं. एका रात्री वडील आजारी शेजाऱ्याला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाकडे निघाले आणि गाडी साठच्या पुढे जाईना. पोहोचले, पण जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान झालं, ‘टर्बो गेला’. खर्चाचा आकडा ऐकून वडील गाडी विकायलाच निघाले. शेवटी दोष सापडला तो रबरी पाइपला खालच्या बाजूने गेलेल्या बोटभर चिरेत. टर्बो आजही तोच आहे.

अशा तक्रारीत टर्बो खरंच खराब असू शकतो. पण त्याच्याभोवतीचे पाइप, फिल्टर आणि व्हॉल्व्ह बिघडले तरी लक्षणं तीच दिसतात. म्हणून तपासणी स्वस्त भागापासून महागाकडे जायला हवी.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनला जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावं लागतं आणि त्यासाठी जास्त हवा लागते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये ढकलतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट 1905 मध्ये घेतलं.

फरक किती पडतो? रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनलेलं 1248 सीसीचं डिझेल इंजिन अनेकांना माहीत आहे. साध्या टर्बोसह ते 75 पीएस ताकद देतं, तर पाती हलवून दाब बदलणाऱ्या टर्बोसह साधारण 90 पीएस. मूळ इंजिन तेच, फरक मुख्यतः हवेचा. हीच हवा वाटेत गळाली की गाडीचा दम जातो.

पहिला प्रश्न : दोष इंजिनचाच आहे का?

वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे झपकन वाढतात, पण वेग वाढत नाही? मग क्लचप्लेट घसरत असेल. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं वाटतं? मग ब्रेक चिकटतोय. चाकाला थेट हात लावू नका, जवळ नेला तरी फरक कळतो. या दोन्ही दोषांत इंजिन निर्दोष असतं.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. फिल्टर तुंबणं, पाइप फाटणं किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहणं ही नेहमीची कारणं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून येऊ शकतं, तसंच झिजलेल्या पिस्टन रिंगमधूनही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

धूर अजिबात नाही आणि गाडी नुसती सुस्त आहे, तर आधी डिझेलच्या बाजूला पाहा. चेक इंजिनचा दिवाही लागला असेल, तर दोष ओळखून संगणकानेच ताकद कमी केलेली असू शकते.

आता बॉनेट उघडा

1. एअर फिल्टर : उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरआधीच तुंबू शकतो. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला धूळ दिसली तर तो झटकून परत बसवू नका, बदला. ही धूळ टर्बोची पाती घासते. हवा ओढणाऱ्या तोटीत उंदराने घरटं केलेलं नाही ना, तेही पाहा.

2. टर्बो ते इंजिनपर्यंतचे पाइप : आमच्या गाडीचा दोष इथेच होता. टर्बोने दाबलेली हवा इंटरकुलरमधून इंजिनकडे जाते. लहान गाड्यांत हा दाब वातावरणाच्या वर साधारण एक बार असतो. गाडी उभी असताना दाब जवळपास नसतोच, त्यामुळे चीर मिटलेली राहते. चढावर भार आला की ती उघडते आणि फुसफुस आवाज येतो. म्हणूनच गॅरेजच्या दारात गाडी ठीक वाटते आणि बीडकडून मांजरसुंबा घाट चढताना दम सोडते.

इंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक पाइप वाकवून खालच्या बाजूनेही पाहा. क्लिपजवळ ताजं ऑइल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर गळती तिथेच असण्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी मेकॅनिककडून कमी, नियंत्रित दाबाची हवा भरून घ्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. पंक्चरसारखे बुडबुडे येतील. टायरला भरतात तेवढा दाब मात्र देऊ नका, चांगला पाइपही निखळेल.

3. बारीक व्हॅक्यूम पाइप आणि ॲक्चुएटर : पाती हलवणाऱ्या टर्बोवर एक लहान डबी आणि तिला जोडलेला दांडा असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा दांडा व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन सुरू केल्यावर तो ओढला जायला हवा आणि बंद केल्यावर परत यायला हवा. हलतच नसेल तर डबीला येणारा बारीक पाइप, सोलेनॉइड आणि व्हॅक्यूम पंप तपासा. ते ठीक असतील तर टर्बोची पाती काजळीने अडकलेली असू शकतात. अशा वेळी अनेकदा टर्बो न बदलता साफ करून भागतं.

पूर्ण मेकॅनिकल पंपाच्या जुन्या टर्बो गाड्यांत आणखी एक बारीक पाइप असतो. तो हवेचा दाब डिझेल पंपापर्यंत पोहोचवतो. हा तुटला किंवा पंपावरचा पडदा फाटला की पंपाला दाब वाढल्याचं कळतच नाही आणि तो डिझेल वाढवत नाही. धूर नाही, आवाज नाही, फक्त ताकद नाही.

4. डिझेल फिल्टर : सपाट रस्त्यावर ठीक, पण चढावर आचके देणाऱ्या गाडीचा डिझेल फिल्टर आधी बदला. त्यातलं पाणी काढा. टाकीकडून येणाऱ्या पाइपमध्ये हवा शिरते का, तेही पाहा.

5. ईजीआर, सेन्सर आणि सायलेन्सर : ईजीआर व्हॉल्व्ह काही धूर परत इंजिनमध्ये सोडतो. काजळीने तो उघडा राहिला की ताज्या हवेची जागा धूर घेतो. हवेचं माप घेणारे सेन्सर मळले तरी संगणक डिझेल आखडता घेतो. सायलेन्सर किंवा त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला, तर धुराला वाट मिळत नाही आणि टर्बोही नीट फिरत नाही.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नाही

संगणक असलेल्या गाडीला स्कॅनर लावला की अनेकदा ‘पी 0299’ हा कोड येतो. तो पाहून थेट टर्बो बदलायचा सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात कोड एवढंच सांगतो, की अपेक्षेपेक्षा दाब कमी आहे. ताप आहे हे थर्मामीटर सांगतं, मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही, तसंच हे. रस्त्यावर गाडी चालवताना स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी पाहायला सांगा. दोन्हींत कुठे अंतर पडतं, त्यावरून खरा शोध सुरू होतो.

टर्बो खरंच गेला, हे कसं ओळखायचं?

हे सगळं ठीक असेल तरच टर्बोकडे वळा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून चाक हाताने फिरवा. आडवी अगदी किंचित हालचाल असू शकते, कारण दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पण चाक आत-बाहेर सरकत असेल, पाती भिंतीला घासत असतील किंवा तुटली असतील, तर टर्बो संपला.

तरीही नवा बसवण्याआधी जुना का गेला, हे विचारा. टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याला ऑइल देणारा पाइप गाळाने अर्धा बंद असेल, तर नवा टर्बोही फार दिवस टिकणार नाही. वेळेवर ऑइल बदलणं आणि घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवणं, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

खासगी गाडीला पंधरा वर्षं होत आली की नोंदणीचं नूतनीकरण करायचं की गाडी विकायची, हा प्रश्न येतोच. त्यात चुकीच्या निदानाचा खर्च वाढला, की चांगली गाडीही मातीमोल भावात जाते. म्हणून ‘टर्बो गेला’ हे ऐकल्यावर तीन प्रश्न विचारा. पाइपला हवा भरून पाहिली का? दांडा हलतो का? काढलेल्या टर्बोचं चाक मला दाखवता का?

चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. आमची चीर ज्यांनी शोधली, त्यांनी तर वडिलांच्याच हातात बॅटरी देऊन त्यांना खाली वाकून पाहायला लावलं होतं.