वांगावरचं जीवनसत्त्व

बचत गटाची बैठक संपली, हिशेबाच्या वह्या मिटल्या, की बायकांचे खरे प्रश्न सुरू होतात. हल्ली त्यात एक हमखास असतो, "ताई, गालावर वांग आलेत, ते बी-थ्रीचं सीरम लावू का?"

मैत्रिणींनो, लावायला हरकत नाही. पण ते आहे तरी काय, हे आधी बघू या.

निआसिनामाइड म्हणजे जीवनसत्त्व ब-३ चंच एक रूप. आपल्या दख्खनला ते नवं नाही. नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्या गरीब घरांत पूर्वी पेलाग्रा हा आजार दिसायचा. उन्हात उघडी राहणारी मान, हात काळे, खरखरीत व्हायचे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर मोठं संशोधन केलं. औषध होतं हेच जीवनसत्त्व. (म्हणून भाकरी सोडू नका हं! सोबत डाळ, शेंगदाणे, दूध असलं की झालं.)

चेहऱ्यावर लावल्यावर मात्र त्याचं काम निराळं. त्वचेच्या खालच्या थरात तयार होणारा रंग वरच्या पेशींपर्यंत पोचताना ते काही प्रमाणात अडवतं. त्वचेचा ओलावाही टिकतो. २००२ साली जपानी स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५ टक्के निआसिनामाइडच्या क्रीमने चार आठवड्यांत डाग फिके झाले. फिके, नाहीसे नव्हेत! वांगासाठी दोन-तीन महिने तरी धीर धरावा लागतो, आणि ऊन टाळलं नाही तर सगळं पाण्यात. शेतावर जाताना डोक्यावरून पदर, तोंडाला ओढणी हवीच, जमलं तर सनस्क्रीनही.

बाटलीवर १० टक्के लिहिलंय म्हणून दुप्पट गुण येत नाही, चुरचुर मात्र वाढू शकते. दोन ते पाच टक्के पुरे. आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहा. गरोदरपणातही हे लावणं सहसा सुरक्षित मानतात. त्या काळात टाळायचं ते रेटिनॉल, म्हणजे जीवनसत्त्व अ चं क्रीम.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. सीरम महाग वाटलं की मेडिकलमधून "गोरं करणारी" स्वस्त ट्यूब येते. त्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असं काही छापलेलं असेल तर ते स्टिरॉइड. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, शेजारीण नाव विचारते, आणि काही महिन्यांनी कातडी पातळ, लालभडक होते, पुरळ उठतं, गालावर लवसुद्धा वाढते.

अशी ट्यूब बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा जास्तच भडकतो. ती ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ती हळूहळू कशी सोडायची, ते सांगतील.