पाटी कोणाच्या नावाची?

डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दुकानाची पाटी दिसते, वेबसाइटची नाही. वेबसाइटची पाटी म्हणजे तिचं नाव: '.इन' किंवा २०१४ साली आलेलं देवनागरी '.भारत'. ते नोंदणी कंपनीमार्फत मिळतं. त्याची नोंद केंद्रीय यादीत राहते आणि नूतनीकरण चुकलं की नाव जातं.

ब्लॉकचेनवरच्या नावांची यादी कोणा एकाच्या कपाटात नसते, ती जगभरच्या संगणकांवर असते. सुरुवात २०११ मध्ये नेमकॉइनच्या '.बिट'ने झाली. २०१७ साली इथेरियम या ब्लॉकचेनवर '.ईटीएच' आलं. मुख्य सोय पैशांची: क्रिप्टो पाकिटाचा ४२ अक्षरी पत्ता टिपण्याऐवजी नुसतं नाव टाकायचं. बँक खात्याच्या आकड्यांऐवजी यूपीआयचं नाव देतो, तसंच.

पण 'एकदा घेतलं की कायमचं' असं कुणी सांगितलं, तर नाव कोणतं ते आधी विचारा. '.ईटीएच'ला दरवर्षी भाडं आहे: पाच किंवा जास्त अक्षरांना ५ डॉलर, चार अक्षरांना १६०, तीनला ६४०. वर व्यवहार शुल्क वेगळं. '.क्रिप्टो'सारखी नावं मात्र एकरकमी मिळतात.

गोम अशी, की क्रोममध्ये ही नावं थेट उघडत नाहीत. पाकिटाच्या चावीचे परवलीचे शब्द हरवले, तर तक्रार घ्यायला खिडकीच नाही. तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या व्यावसायिकाने '.इन' सोडू नये. क्रिप्टोत पैसे घेणाऱ्या फ्रीलान्सरने मात्र आपलं नाव आताच अडवून ठेवावं. परवलीचे शब्द कागदावर लिहून तिजोरीत. मोबाइलमध्ये फोटो नको!