उपकाराची गाडी

जूनमध्ये शाळा उघडल्या की एक वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं, तेही बहुतेकदा दुसऱ्या पालकांच्याच तोंडून: "गाडीत घेतात तेच नशीब समजा. तक्रार कराल तर तीही जाईल." परवा एका आईला हेच सांगितलं गेलं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, पायांत कॅलिपर. व्हॅनची पायरी त्याच्या गुडघ्याएवढी. कमरेला धरून त्याला वर घ्यायला तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात व्हॅनवाले काका दोनदा हॉर्न वाजवतात. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी, 'बाकीच्या पोरांना उशीर होतो' म्हणून, गाडी तिच्या गल्लीत वळतच नाही.

नशीबबिशीब काही नाही हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 16 उघडा. शाळांनी काय काय करायचं याची तिथे यादी आहे. तिच्यातली शेवटची नोंद अशी: दिव्यांग मुलांना वाहतुकीची सोय, आणि ज्या मुलांना जास्त आधार लागतो त्यांच्या मदतनीसालाही. मदतनीसालाही! आपल्याकडे आई सोबत बसते म्हटलं तर दुसऱ्या सीटचे पैसे मागतात.

"आम्ही विनाअनुदानित, आम्हाला हे लागू नाही," हे पुढचं पालुपद. कलमात शब्द आहेत 'अनुदानित किंवा मान्यताप्राप्त'. तुमच्या शाळेला मान्यता नाही का, एवढंच विचारून बघा. पळवाट आहे, नाही असं नाही: कलमाच्या सुरुवातीला सरकारने 'प्रयत्न करावा' असं म्हटलंय आणि वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. पण गल्लीच टाळणं हा कुठल्या जातीचा प्रयत्न?

तक्रारीची पहिली पायरी शाळेतच आहे. महाराष्ट्राच्या 2011च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. तिथे दाद मिळाली नाही तर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधितांनी काय केलं, किंवा का केलं नाही, ते तीन महिन्यांत कळवावं लागतं.

बाकीचे समज थोडक्यात. 'चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, मग हक्क नाही': कलम 16 मध्ये टक्क्यांची अटच नाही, ती आहे कलम 31 मधल्या 6 ते 18 वयाच्या मोफत शिक्षणाला. 'स्पेशल शाळेत घाला, तिथे बस असते': जवळची शाळा की विशेष, ही निवड त्याच कलम 31 ने मुलाला दिली आहे, व्हॅनवाल्याला नाही. 'एसटीत सवलत आहे ना': आहे, 75 टक्के, पण तिकिटावर, पायऱ्या तेवढ्याच उंच. 'भत्ता मिळतो की': मिळतो त्याला मिळतो, पण भत्ता कुणाला उचलून गाडीत बसवत नाही.

त्या आईने आता दिनदर्शिकेच्या चौकटीत वेळा लिहायला घेतल्यात. 7.05. 7.20. 'आली नाही.' फोनवरच्या तक्रारी हवेत जातात, म्हणून हे सगळं अर्जात उतरवून ती शाळेत गेली. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा," क्लार्क म्हणाले.

"ठेवते," ती म्हणाली, "पण आधी माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारा."