जर्मनीतील हरणाची शिकार : नवशिक्याने आधी काय जाणावे

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. सांबर मारणारा माणूस आपल्याकडे गुन्हेगार ठरतो. परंतु आपली मुले आता नोकरीनिमित्त जर्मनीत राहतात, आणि तेथे कचेरीतील एखादा सभ्य सहकारी त्यांना सहज म्हणतो, ‘चल, या हिवाळ्यात शिकारीला ये.’ हार्ट्झ डोंगरांजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याला असेच बोलावणे आले. त्याने मला दोन प्रश्न विचारले : मामा, हे शिकतात कसे? आणि मारलेले हरीण आपल्या घरी शिजेल का? त्यांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते आज सांगतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. अमेरिकेत ‘एल्क’ म्हणजे वापिटी, एक थोरले हरीण. जर्मन माणूस ‘एल्ख’ म्हणतो तो निराळा प्राणी, ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात. पोलंडकडून तो अधूनमधून ब्रांडेनबुर्गमध्ये येतो. शिकारयोग्य प्राण्यांच्या कायदेशीर यादीत त्याचे नाव असले, तरी त्याला मारण्याचा हंगामच ठरवलेला नाही. म्हणजे तो बाराही महिने सुरक्षित. वापिटीचा जवळचा नातलग जर्मनीत आहे तो तांबडे हरीण, म्हणजे ‘रोटहिर्श’. आपल्या सह्याद्रीतील सांबराचा तो चुलतभाऊ समजा. मोठा नर दीडशे किलोंच्याही वर भरतो.

आता शिकण्याविषयी. नवशिक्याला वाटते, बंदूक घेतली की आरंभ झाला. जर्मनीत बंदूक सर्वांत शेवटी येते. तेथे आधी परीक्षा द्यावी लागते. ती इतकी कठीण मानतात की लोक तिला थट्टेने ‘हिरवी आबिटुअर’, म्हणजे हिरवी शालान्त परीक्षा म्हणतात. प्राण्यांची ओळख, जंगल व शेती, कुत्र्यांचे शिक्षण, मांसाची स्वच्छता, कायदा आणि शस्त्रे, असे तिचे विषय आहेत. परीक्षा लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी अशा तीन भागांत होते. शस्त्र हाताळण्यात किंवा नेमबाजीत जो उणा पडला, त्याला बाकीच्या विषयांतील गुण वाचवू शकत नाहीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. काही जण वर्ग लावून अनेक महिने संध्याकाळी शिकतात, तर काही जण दोनतीन आठवड्यांत सारे घोकून घेतात. भाच्याला मी पहिला मार्ग सुचवला. घोकलेले रानात आठवत नाही. उत्तीर्ण झाल्यावर विमा उतरवावा लागतो, आणि मगच ‘याक्टशाइन’ हा परवाना मिळतो. पूर्ण परवान्यास वयाची 18 वर्षे लागतात. 16 वर्षांवरील मुलांना मर्यादित परवाना मिळतो.

परवाना आला म्हणजे रान आपले झाले असेही नाही. शिकारीचा हक्क जमिनीशी बांधलेला आहे. सलग 75 हेक्टर जमीन असलेल्या मालकाचे स्वतःचे शिकारक्षेत्र होऊ शकते. लहान जमिनींचे मिळून सामाईक क्षेत्र होते, व ते बहुधा दीर्घ मुदतीच्या खंडाने दिले जाते. ज्याच्याकडे तीन वर्षे परवाना नाही, त्याला खंड घेता येत नाही. म्हणून नवशिका अनेक वर्षे कोणा जुन्या शिकाऱ्याचा पाहुणा असतो. तो मचाणे दुरुस्त करतो, कुत्र्यांमागे चालतो, बघतो आणि ऐकतो.

किती नर, किती माद्या, किती पाडसे मारायची, याचा आराखडा तांबड्या हरणांसाठी ठरलेला असतो. कारण साधे आहे : ही हरणे कोवळी झाडे खातात, खोडांच्या साली सोलतात आणि जंगल वाढू देत नाहीत. गोळीच्या ताकदीलाही किमान मर्यादा आहे : व्यास 6.5 मिलिमीटर आणि शंभर मीटरवर 2000 ज्यूल. जखमी प्राणी पळून तडफडू नये, हा हेतू. आणखी एक दंडक शिकवतात : आधी पाडस, मग त्याची आई, उलटे केले तर पोरके पाडस उपाशी मरते. हे वाचून भाचा दोन दिवस अस्वस्थ होता. मला त्याचे बरेच वाटले.

आता दुसरा प्रश्न. हरीण खूर दुभंगलेले व रवंथ करणारे आहे. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात खाण्यायोग्य प्राण्यांत त्याचे नाव आहे. म्हणून अनेकांचा समज होतो की हरणाचे मांस आपल्याला चालते. प्राणी चालतो; गोळीने मेलेला प्राणी चालत नाही. शेहितेवाचून मेलेला तो नेवेला. लेवीय 17:13 मध्ये रानटी प्राणी वा पक्षी धरून त्याचे रक्त मातीने झाकण्यास सांगितले आहे. म्हणजे प्राणी धरणे तोराला ठाऊक आहे. पण तो जिवंत धरून शोहेतच्या सुरीखाली यायला हवा. इसहाकाने एसावाला शिकारीस पाठवले, तेथेही राशी अर्थ सांगतात की, सुरीला धार लाव आणि नीट शेहिता कर, मला नेवेला खाऊ घालू नकोस.

शिकार करावी की नाही, हा निराळा प्रश्न. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांडाऊ यांना एका धनिकाने विचारले होते : माझ्या मालकीची गावे आणि अरण्ये आहेत, तेथे बंदुकीने शिकार करू का? त्यांचे उत्तर ‘नोदा बियेहुदा’ या ग्रंथात आहे. पोटासाठी करावी लागली तर मनाई नाही. पण केवळ करमणुकीसाठी जीव घेणे ही निम्रोद व एसाव यांची रीत, अब्राहामाच्या वंशजांची नव्हे. शिवाय रानात जाणारा स्वतःचा जीवही धोक्यात घालतो, असे ते बजावतात.

जर्मनीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. 21 एप्रिल 1933 च्या कायद्याने नाझी सरकारने क्रौर्याचे कारण पुढे करून शेहिता बंद केली. पुढच्याच वर्षी गोरिंगच्या पुढाकाराने शिकारीचा नवा कायदा आला. तो स्वतः बर्लिनच्या उत्तरेस शोर्फहाइडेच्या रानात थाटाने शिकार करी. 11 नोव्हेंबर 1938 च्या हुकुमाने यहुद्यांना शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. आजचा कायदा 1952 चा, लोकशाही राज्याचा आहे, आणि आपल्या मुलालाही तो इतरांइतकाच परवाना देतो. तरी तेथील वृद्ध यहुदी कुटुंबात हा विषय काढताना जपून बोलावे.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. मोठी सामूहिक शिकार अनेकदा शनिवारीच ठरते. शब्बाथ पाळणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे यजमानाचा गैरसमज होत नाही. कोणी प्रेमाने हरणाचे मांस देऊ केले, तर आभार मानून खरे कारण सांगावे; धार्मिक नियम सांगितला की तेथील माणूस सहसा रागावत नाही.

भाच्याने परीक्षेचा वर्ग लावला आहे. बंदूक घेणार की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही, आणि मी त्याला घाई करत नाही. ज्यांना हरीण केवळ ऐकायचे आहे, त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीस बाल्टिक समुद्राकाठच्या डार्स द्वीपकल्पात संध्याकाळी जावे. माजावर आलेल्या नरांचा आवाज रानातून दूरवर येतो, आणि त्यासाठी परवाना लागत नाही.