पाइन म्हणून आपल्या अंगणात येतं ते झाड

डिसेंबर लागला की छत्रपती संभाजीनगरच्या रोपवाटिकांत थरांथरांच्या हिरव्या फांद्यांची झाडं कुंड्यांतून पुढे मांडली जातात. सिमला-मनालीची सहल करून आलेलं गिऱ्हाईक विचारतं, "हे पाइनच ना?" आणि उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच मिळतं. हिमालयातलं झाड दारात असावं ही ओढ खरी आहे. म्हणूनच तिची अशी फसगत होऊ नये.

ते झाड पाइन नव्हे, अरोकेरिया. दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. सूचिपर्णी खरं, पण पाइनच्या कुळातलं नाही. 'नॉरफोक पाइन' म्हणून विकली जाणारी पुष्कळ झाडं प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियातली 'कुक पाइन' असतात. मायदेशी हे झाड 60 मीटरपर्यंत जातं, तेव्हा कुंडीतलं गोंडस रूप पाहून ते भिंतीला लागून लावू नये. कुक पाइनचं खोड विषुववृत्ताच्या दिशेला कलतं, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतल्या झाडांवरून दिसून आलं. आपल्याकडे ते दक्षिणेकडे झुकलेलं दिसलं, तर लावण्यात चूक झाली असं समजू नका.

कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन पाहूनही अनेक जण पाइन म्हणतात. सुरू तर सूचिपर्णीसुद्धा नाही, तो फुलणारा वृक्ष आहे. त्याची एक 'सुई' हातात घेऊन हलकेच ओढा. ती पेरापेराशी सुटते, कारण ती पान नसून हिरवी काडी असते. खरी पानं म्हणजे त्या पेरांवरचे बारीक खवले. याउलट, लहानपणी 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवलेली मोरपंखी ही खरोखरची सूचिपर्णी, सायप्रसच्या कुळातली.

मग खरा पाइन, आणि त्यातला व्हाइट पाइन, ओळखायचा कसा? सुया मोजायच्या. पाइनच्या सुया जुडीने येतात. हिमालयातल्या चीडच्या जुडीत तीन, तर व्हाइट पाइनच्या जुडीत पाच. अमेरिकेतला ईस्टर्न व्हाइट पाइन असाच. त्याच्या सरळसोट खोडांवर ब्रिटिश राजसत्तेने आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी हक्क सांगितला होता आणि त्यावरून 1772 साली न्यू हॅम्पशरमध्ये दंगा झाला. आपल्या देशातला त्याचा भाऊबंद म्हणजे हिमालयातला कैल. त्याच्या लांब, निळसर सुया खाली लोंबतात आणि शंकूही वीतभर लांब असतात. चिलगोजा मात्र या शंकूंतून मिळत नाही. तो किन्नौरकडच्या वेगळ्या पाइनचा.

'सदाहरित म्हणजे पान गळतच नाही' हेही चूक. व्हाइट पाइनच्या जुन्या सुया दरवर्षी पिवळ्या पडून गळतात, नव्या टिकून राहतात, म्हणून झाड हिरवं दिसतं.

'खतपाणी नीट दिलं तर कैल इथेही वाढेल' हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. कैल साधारण 1800 मीटरच्या वर, थंडीत बर्फ झेलणाऱ्या उतारांवर वाढतो. आपलं शहर सुमारे 570 मीटरवर, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात बेसॉल्टवरची काळी माती. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यातल्या चुनखडीमुळे मुळांना लोह मिळेनासं होतं. त्याहून महत्त्वाचा अडसर डोळ्यांना दिसत नाही. पाइनच्या मुळांना वेढून राहणारी ठरावीक बुरशी असते. तीच मातीतलं पाणी आणि स्फुरद झाडाला पुरवते. पोर्तो रिकोत लावलेली पाइनची रोपं वर्षानुवर्षं खुरटलेली राहिली आणि पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळल्यावरच वाढीला लागली. झाड उचलून आणता येतं, त्याचं जंगल नाही.

खरा पाइन आपल्या शहरात येतो तो लाकूड होऊन. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून आणि पॅलेटांवरून येतात, त्यांत पाइनचं लाकूड भरपूर असतं आणि पुढे त्याचीच टेबलं, मांडण्या होतात. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं असली की 'याला वाळवी लागत नाही' असं खुशाल सांगितलं जातं. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलं आहे. लाकडातून किडी आणि पाइनची जंगलं मारणारा सूत्रकृमी देशोदेशी पसरू नये म्हणून ही काळजी. पुढे लागणाऱ्या वाळवीपासून तिने संरक्षण मिळत नाही, ते वेगळं करावं लागतं.

राळेच्या वासाचीच आवड असेल, तर दख्खनच्या कोरड्या डोंगरांत सालई आहे. तिच्या सालीतून झिरपणारा डिंक धुपाला वापरतात. उन्हाळ्यात ती निष्पर्ण होते, पण पाणी वाचवण्याची ती तिची रीत आहे आणि इथल्या हवामानाला तीच शहाणपणाची. अंगणात सावली हवी तर कडुनिंब किंवा करंज लावा, फुलांसाठी बहावा आहे, आणि सूचिपर्णीच हवं तर मोरपंखी. रोप घेताना नुसतं नाव विचारून थांबू नका. झाड मूळचं कुठलं आणि पुरतं वाढल्यावर केवढं होणार, हे विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या.