विचारून घडवलेला कंदील

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या घराच्या तळमजल्यात कृष्णेचे पाणी शिरले आणि आम्ही वरच्या मजल्यावर आश्रय घेतला. वीज बंद होती. घरात चार्ज करून ठेवलेला एक एलईडी कंदील होता. त्याच्या भरवशावर आम्ही निश्चिंत होतो. पहिल्या रात्री आईच्या गोळ्यांचा डबा उघडला. एक गोळी फिकट गुलाबी, दुसरी फिकट नारिंगी. एक रक्तदाबाची, दुसरी रक्त पातळ ठेवणारी. त्या निळसर, झगझगीत उजेडात दोन्ही सारख्याच मळकट दिसत होत्या. चूक होण्याच्या भीतीने मी पहाटेपर्यंत थांबलो. दुसऱ्या रात्री तर तासाभरातच कंदील मालवला. पुढे उघडून पाहिले, तेव्हा आतील बॅटरी निकामी झाली होती आणि ती बदलण्याची सोयच नव्हती. अखेर देवघरातील मेणबत्तीच्या उजेडात गोळ्या ओळखल्या.

आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणांची कागदपत्रे बारकाईने वाचणाऱ्या मी कंदील घेताना मात्र खोक्यावरील मोठ्या अक्षरांतील आकडाच तेवढा वाचला होता. ही खंत मनात राहिली.

पुढे सह्याद्रीतील गडकोट पालथे घालणाऱ्या माझ्या पुतण्याने एक कंदील आणून दिला. तो म्हणाला, “काका, हा वापरणाऱ्यांनीच सांगून करवून घेतलेला आहे.” सोफर्न या चिनी कंपनीने २०१९-२० च्या सुमारास बाजारात आणलेला हा एलटी-१ कंदील. विजेऱ्या आणि कंदील यांचा छंद असलेल्या एका गृहस्थाची मूळ कल्पना, निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींच्या सूचना आणि कारखान्याचे कौशल्य, असा त्याचा जन्म. त्याची रचना समजून घेऊ लागलो, तेव्हा जाणवले की त्यातील प्रत्येक भाग म्हणजे कोणाच्या तरी अडचणीला दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट प्रकाशाच्या रंगाची. हा रंग केल्व्हिन या एककात सांगतात. सुमारे २७०० केल्व्हिनचा प्रकाश जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार, तर ५००० केल्व्हिनचा दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. कोणाला वाचनासाठी पांढरा हवा, कोणाला निजताना पिवळा. एलटी-१ मध्ये दोन्ही प्रकारचे एलईडी बसवले आणि एकाच बटणाने त्यांचे मिश्रण हवे तसे करता येईल अशी योजना केली. पिवळसर उजेडाकडे निळसर उजेडापेक्षा कमी कीटक ओढले जातात, हा त्याचा आणखी एक लाभ. दिव्यावर येणाऱ्या पाखरांची काळजी आपल्या घरांतून पूर्वापार घेतली जाते. त्यामुळे हे वाचून मला विशेष समाधान वाटले.

दुसरी गोष्ट रंग खरे दिसण्याची. यासाठी सीआरआय नावाचा निर्देशांक असतो. त्याची कमाल मर्यादा १००. साध्या एलईडींमध्ये तो ७० च्या आसपास आढळतो, या कंदिलात सुमारे ९० आहे. निर्देशांक कमी असला की, प्रकाश भरपूर असूनही रंगांतील बारीक फरक लोपतो. आईच्या गोळ्यांचे रहस्य मला येथे उलगडले. मेणबत्तीचा उजेड मंद खरा, परंतु तो रंगांशी प्रामाणिक होता.

तिसरी गोष्ट बॅटरीची. आत ‘१८६५०’ या मापाचे चार लिथियम-आयन सेल बसतात. हा आकडा म्हणजे मापच: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. सेल जुने झाले की ते काढून नवे घालता येतात; संपूर्ण कंदील टाकून द्यावा लागत नाही. हे सेल समांतर जोडलेले असल्याने एकच सेल असला तरी कंदील पेटतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर चौघांपैकी कोणा एकाच्या सहीने चालणारे हे संयुक्त खाते. मात्र एक पथ्य आवश्यक आहे: चारही सेल एकाच जातीचे व सारखेच चार्ज झालेले असावेत, अन्यथा भरलेल्या सेलमधून रिकाम्यात जोराने प्रवाह वाहून धोका संभवतो.

आता थोडा हिशोब. ३००० मिलिॲम्पिअर-तासांचे चार सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे ४३ वॉट-तासांची शिल्लक. ५ वॉटने खर्च केली तर ती आठ तास पुरेल. अर्ध्या वॉटने केली तर तीन दिवसांहून अधिक. म्हणूनच जाणकारांनी प्रखर उजेडाइतकाच अगदी मंद उजेडाचाही आग्रह धरला. झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्याकडे पाहता यावे, एवढाच तो उजेड. पुरासारख्या प्रसंगी तोच सोबतीला उरतो. अंधारात कंदील सापडावा म्हणून बटणातच बारीक दिवा आहे, आणि गरज पडल्यास याच कंदिलातून मोबाइलही चार्ज होतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सेलसह हा कंदील जड होतो. किंमतही साध्या कंदिलापेक्षा अधिक आहे. शिवाय एकाच बटणात इतक्या सोयी भरल्या आहेत की, किती वेळा दाबले म्हणजे काय होते, हे आमच्या पिढीच्या लक्षात राहणे कठीण. पुतण्याने मोठ्या अक्षरांत तक्ता लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला, तेव्हा कोठे सौभाग्यवतींना तो सहज वापरता येऊ लागला. सूचना देणाऱ्यांत आमच्यासारखे ज्येष्ठही अधिक असते, तर कदाचित हे बटण निराळे झाले असते. ज्यांना विचारले जाते, त्यांच्याच अडचणी वस्तूत सुटतात.

वाचकहो, हाच कंदील घ्यावा असा माझा आग्रह नाही. परंतु कोणताही कंदील घेताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. सेल बदलता येतात का? सर्वांत मंद उजेड किती मंद आहे? त्या मंद उजेडात तो किती तास चालतो? आणि त्याच्या प्रकाशात रंग खरे दिसतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुकानदारावर सोडू नये. खिशात औषधाच्या दोन गोळ्या न्याव्यात आणि स्वतः पाहावे.

आई आता नाही. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत हा कंदील रात्रभर तिच्या उशाशी मंद तेवत असे. गोळी देताना मी तो थोडा वाढवी आणि ती विचारी, “नीट दिसतंय ना रे?” मला “हो” म्हणता येत असे.