हाडं शिजवणारा माणूस

चुलीवरून उतरवलेलं, निवत चाललेलं पाणी एका पेल्यात घ्यायचं, त्यावर काचेची हंडी पालथी घालायची आणि पंपाने हंडीतली हवा उपसायची. हवा विरळ होत जाते तसं ते पाणी पुन्हा खदखदायला लागतं. खाली जाळ नाही, विस्तव नाही, आणि तरी उकळी! सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या मोजक्या प्रयोगशाळांत हे पाहायला मिळे. इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने ते करून दाखवलं होतं. पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्सकडेही असा पंप होता, आणि तिथे त्याच्या हाताखाली एक तरुण फ्रेंच डॉक्टर काम करत होता. त्याचं नाव दनी पापँ. जन्म १६४७चा, ब्ल्वा शहराजवळचा. आँजे इथून वैद्यकीची पदवी घेतलेली, पण जीव रमला तो पंपांत आणि झडपांत.

हा खेळ पाहून बाकीचे थक्क होत. पापँने पुढे जे केलं त्यावरून दिसतं की त्याला यातून उलटा प्रश्न सुचला असावा. हवेचं ओझं कमी केल्यावर पाणी लवकर उकळतं, तर ओझं वाढवलं तर काय होईल?

उघड्या पातेल्यातल्या पाण्याची एक अडचण आहे. एकदा उकळी फुटली की खाली कितीही जाळ घाला, पाणी त्याहून तापत नाही. वाढीव आच सगळी पाण्याची वाफ करण्यात जाते. समुद्रसपाटीला ही हद्द १०० अंश सेल्सिअसची. बटाट्यांना उकळी आल्यावरही गॅस मोठाच ठेवणारी माणसं घरोघरी असतात. त्यांचे बटाटे लवकर शिजत नाहीत, सिलिंडर तेवढा लवकर संपतो. माणूस हजारो वर्षं अन्न उकडून खात आला, पण या हद्दीपलीकडे जाता येईल असं कोणी करून दाखवलं नव्हतं. हद्द पाण्याची नव्हतीच, पाण्यावर बसलेल्या हवेची होती.

१६७५ मध्ये पापँ लंडनला आला आणि बॉइलच्या हाताखाली लागला. १६७९ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्याने आपलं यंत्र मांडलं. यंत्र म्हणजे धातूचं जाडजूड नळकांडं, त्यावर झाकण, आणि झाकण आवळून धरायला लोखंडी आडपट्टी व स्क्रू. मांस थेट पाण्यात टाकायचं नाही. ते आतल्या वेगळ्या भांड्यात ठेवायचं आणि पाणी त्याच्या भोवतीने. आपल्याकडे कुकरच्या तळाशी पाणी घालून वर वरणाचा आणि भाताचा डबा चढवतात, त्याचीच ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची आवृत्ती. वाफेला बाहेर वाट नाही, म्हणून आतला दाब वाढतो. दाब वाढला की पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. आजचा घरगुती कुकर १२० अंशांच्या आसपास शिजवतो, तो याच हिशोबाने.

पण कोंडलेली वाफ म्हणजे घरात ठेवलेली तोफ. भांडं फुटलं तर आचारी आणि जेवण दोन्ही एकदम जायचे. यावर पापँने काढलेला तोडगा मला मूळ भांड्याहूनही मोठा वाटतो. झाकणाला एक छोटी नळी, नळीच्या तोंडावर झडप, झडपेवर आडवी दांडी आणि दांडीवर मागेपुढे सरकवता येणारं वजन. आतला दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की वाफ झडप उचलून निसटते. दाब उतरला की झडप आपोआप बसते. पुढे जगभरच्या बॉयलरांवर बसलेल्या सुरक्षा झडपेचा उगम या स्वयंपाकाच्या भांड्यात आहे. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हाही वाफ एक वजनच उचलत असते.

राहता राहिली आतली उष्णता. ती मोजायची कशी? खात्रीचं अंशांकन असलेला थर्मामीटर अजून यायचा होता. पापँने झाकणावर एक छोटा खळगा ठेवला. त्यात पाण्याचा एक थेंब सोडायचा, शेजारी लंबक झुलवायचा आणि थेंब आटेपर्यंत लंबकाचे झोके मोजायचे. झोके जितके कमी, तितकं भांडं जास्त तापलेलं. सारी मोजदाद एका थेंबावर! मग तो मांसाचे वेगवेगळे प्रकार, मासे, हाडं एकेक करून शिजवत गेला आणि कशाला किती दाब, किती आच, किती कोळसा लागला हे टिपत गेला. १६८१ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने लंडनला छापलं गेलं. हाडं मऊ करणारं नवं यंत्र, अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. पाककृती अशा शिस्तीने लिहिलेलं त्याआधीचं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही.

हाडांवर एवढा भर का? कारण हाडं टाकून दिली जात, आणि त्यांत अन्न आहे हे पापँला दिसत होतं. हाडांत आणि सांध्यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते पाण्यात पुरेसा वेळ तापलं की उलगडतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पाया सूप करणारे रात्रभर मंद आचेवर पातेलं ठेवतात, ते यासाठीच. तापमान थोडं वाढवलं की हाच बदल झपाट्याने होतो. गरिबाच्या वाट्याला येणारं जून, वातड मांस आणि उकिरड्यावर जाणारी हाडं यांतून सकस जेवण निघेल, तेही मूठभर कोळशात, असा त्याचा दावा होता.

दाव्याची परीक्षा जेवणाच्या टेबलावर झाली. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीची काही मंडळी अशा जेवणाला बसली, ज्यात मासे आणि मांस सगळं पापँच्या भांड्यांत शिजवलेलं होतं. त्यांच्यात जॉन एव्हलिन नावाचा एक सदस्य होता, म्हणून आपल्याला त्या रात्रीचा बेत कळतो. त्याने तो रोजनिशीत लिहून ठेवला. गाईबैलांची आणि मेंढ्यांची कडक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. माशांचे काटे लोकांनी विनासायास खाल्ले. सगळ्यांत बाजी मारली कबुतरांनी, स्वतःच्याच रसात शिजलेल्या. कोळसा लागला आठ औंसांहून कमी, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. शेवटी गुरांच्या हाडांची पारदर्शक जेली आली. ती एव्हलिनला इतकी आवडली की त्याने एक पेलाभर बायकोसाठी घरी पाठवली, आणि बायका घरी सांबरशिंगाची जी जेली करतात तिला हिने मान खाली घालायला लावली असंही लिहून ठेवलं. हे त्याने बायकोला तोंडावर सांगितलं की नाही, ते रोजनिशीत नाही.

खरं म्हणजे इथून पुढे पापँचं भाग्य उजळायला हवं होतं. तसं झालं नाही. तो काही वर्षं व्हेनिसला जाऊन आला. १६८४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवण्याची तात्पुरती नोकरी दिली, वर्षाला ३० पौंडांवर. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना दिलेलं अभय काढून घेतलं. पापँ प्रोटेस्टंट, तेव्हा मायदेशाचा रस्ता बंद. मग जर्मनीत मारबुर्गला गणिताची प्राध्यापकी, पुढे कासेल. वाफ झाकण उचलते, तर तीच वाफ नळकांड्यातला दट्ट्या का उचलणार नाही, हा विचार त्याने १६९० मध्ये छापून मांडला. वाफेच्या इंजिनाकडे जाणारी ती एक पहिली पायरी. १७०७ मध्ये वल्ह्यांऐवजी चाकांनी चालणारी आपली होडी घेऊन तो कासेलहून नदीमार्गे निघाला, इंग्लंड गाठायच्या इराद्याने. म्युंडेनला तिथल्या नावाड्यांनी त्यांच्या हक्काच्या पाण्यात शिरलेली ती होडी मोडून टाकली.

लंडनला तो परत आला तेव्हा ओळखीचे बरेच जण गेलेले होते. रॉयल सोसायटीकडे प्रयोगांसाठी पैसे मागणारी त्याची पत्रं आहेत. शेवटच्या पत्रांत हलाखी लपत नाही. तो कुठे आणि कधी वारला हे पुढे तीनशे वर्षं ठाऊक नव्हतं. लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या दफनवहीत १७१३च्या ऑगस्टमधली त्याची नोंद सापडली ती अगदी अलीकडे.

भांडं मात्र नावासकट टिकलं. मार्च १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन चिलीहून अँडीज पर्वत ओलांडत होता. पोर्तियो खिंडीच्या वाटेवर उंचावर मुक्काम पडला आणि बटाटे उकडायला ठेवले गेले. पाणी खळखळ उकळत होतं, पण काही तासांनंतरही बटाटे होते तसेच कडक. भांडं रात्रभर विस्तवावर राहिलं, सकाळी पुन्हा उकळी आणली, तरी तेच. उंचीवर हवा विरळ, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळायला लागतं. आपल्या महाबळेश्वरला ही हद्द ९५ अंशांच्या जवळपास येते, लेहला ८८च्या. डार्विनबरोबर असलेल्या दोघा सोबत्यांनी आपसात चर्चा करून कारण शोधलं होतं: भांडं मेलं नवीन आहे, त्याला बटाटे उकडायचेच नाहीत. आपल्याकडेही डाळ शिजली नाही की आधी वाण्याचा उद्धार होतो, तसंच. डार्विनने ही चर्चा ऐकली आणि लिहून ठेवली. प्रवासवर्णनात त्याने म्हटलं की पापँच्या भांड्यात जे घडतं त्याच्या बरोबर उलटं इथे घडत होतं. पापँ कोण, हे वाचकाला समजावून सांगायची त्याला गरज वाटली नाही.